वर्षाला 24 पुस्तकांचा नेम दर मार्चमध्ये मोडतो. आकडा चुकतोय की पद्धत?

पानखुणा (मांजलपूर, बडोदे)

नमस्कार मंडळी. सलग दोन वर्षं जानेवारीत 24 पुस्तकांचा संकल्प करते. फेब्रुवारीअखेर जेमतेम तीन होतात, आणि मार्चात परीक्षा व ऑफिसचं वर्षअखेर आलं की यादी तिथेच थांबते. एकदा मागे पडलं की पुस्तक उचलताना थकबाकीच आठवते.

घरात वाचणारे तिघं. मला रात्री साधारण 20 मिनिटं मोकळी मिळतात. मुलगी 11 वर्षांची, इंग्रजी माध्यमात. शाळेत गुजराती आणि हिंदी आहे, घरात मराठी छान बोलते, पण मराठी पुस्तक वाचताना दर ओळीला अडखळते. सासरे 70 वर्षांचे, पेपर आणि पोथी सोडून दुसरं काही हातात घेत नाहीत.

लक्ष्य ठेवावं तर किती आणि कशाचं ठेवावं? तिघांना मिळून खेळता येईल असं काही आव्हान असतं का? आणि मुलीला पुस्तकामागे बक्षीस द्यावं की देऊ नये? "आवड असली की वेळ मिळतो" हे ऐकून झालंय, कृपया नेमकं करण्यासारखं सांगा.

हिशेबवही

आधी आकड्याबद्दल, कारण तोच चुकलाय आणि ते सिद्ध करता येतं.

सध्याचं पुस्तक घ्या, 10 मिनिटांचा गजर लावा आणि नेहमीच्या वेगाने वाचा. गजर वाजला की पानं मोजा, अर्धं पानही धरा. असं तीन वेगवेगळ्या दिवशी करा, आणि रात्री ज्या वेळी खरोखर वाचणार त्याच वेळी करा. रविवारी सकाळी ताज्या डोळ्यांनी मोजलेला वेग दिवसभराच्या कामानंतर रात्री दहाला टिकत नाही, आणि बहुतेकांचा हिशेब तिथेच फसतो. तिन्हींची सरासरी हा तुमचा वेग.

समजा 10 मिनिटांत 6 पानं निघाली. मग 20 मिनिटांत 12. आठवड्याचे 5 दिवस धरा, 7 नको. वर्षाच्या 260 बैठका झाल्या, म्हणजे 3,120 पानं. डेमी आकाराची (नेहमीच्या पुस्तकाएवढी) मराठी कादंबरी 200 पानांची धरली तर पंधरा पुस्तकं आणि वर थोडं. 24 पुस्तकांना 4,800 पानं लागतात, म्हणजे बैठकीला साडेअठरा पानं, म्हणजे जवळपास 31 मिनिटं. तुमच्याकडे आहेत 20. फेब्रुवारीअखेर तीन पुस्तकं झाली याचा अर्थ तुम्ही तुमच्या वेळात बसेल तेवढं नीट वाचत होता. चुकला तो आकडा, तुम्ही नाही.

दुसरी गोष्ट, "पुस्तकं किती" हे माप मुळात फसवं आहे. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर 2011 पासून वार्षिक आव्हान चालतं. तिथे आकडा टाकला की तुम्ही वेळापत्रकाच्या पुढे की मागे हे सतत दिसतं. ते मागे दिसायला लागलं की माणूस काय करतो? 90 पानांची पुस्तकं शोधतो, आणि जे 600 पानी पुस्तक वाचायची खरी इच्छा होती ते कपाटात राहतं. शिवाय मराठी पुस्तकांच्या सगळ्या आवृत्त्या तिथे सापडतातच असं नाही, नोंद करण्यातच वेळ जातो.

म्हणून मोजायची ती बैठक. 20 मिनिटं बसलात की एक खूण. चार पानं झाली तरी एक, वीस झाली तरी एक. पुस्तक कधी संपेल ते पुस्तकाच्या हाती आहे, बसणं आपल्या हाती आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, सगळ्यांना दिसेल अशा जागी, पेन्सिलीने काट मारा. आठवड्याला 5 खुणा हे लक्ष्य. खंड न पडता सलग किती दिवस, अशी साखळी मोजू नका. चाळिसाव्या दिवशी ताप आला की साखळी तुटते आणि तिच्याबरोबर सगळा उत्साहही जातो.

बैठक कुठे बसवायची हेही आधीच ठरवा. "रात्री वाचेन" हे पुरेसं नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी 1999 मध्ये याबद्दल लिहिलं आहे: "अमुक झालं की मी तमुक करेन" असं जोडवाक्य ठरवलं तर काम पार पडण्याची शक्यता वाढते. तुमच्यासाठी: "ओटा पुसून स्वयंपाकघराचा दिवा मालवला की मी फोन चार्जिंगला बाहेरच्या खोलीत लावेन आणि खुर्चीत बसेन." फोन बाहेर हा यातला अर्धा भाग आहे, तो वगळलात तर उरलेला अर्धा चालत नाही.

सवय लागायला किती दिवस लागतात? 21 दिवस म्हणतात तो आकडा सोडून द्या. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये 96 जणांवर केलेल्या पाहणीत सरासरी 66 दिवस आले, आणि माणसामाणसात फरक 18 पासून 254 पर्यंत. त्याच पाहणीत एखादा दिवस चुकल्याने सवयीला विशेष धक्का बसला नाही. एक दिवस चुकला तर चुकू द्या, सलग दोन मात्र नको.

ओवीसंख्या (दांडिया बाजार)

वरचा हिशेब पटला, पण 260 मध्ये बडोद्याचं वर्ष धरलेलं नाही. नवरात्रीचे 9 दिवस इथे कोणी रात्री पुस्तक घेऊन बसत नाही. घरात बसलात तरी गरब्याचा आवाज खिडकीतून येतोच. उत्तरायणाचे 2, गणपतीचे 10, दिवाळीचे 5. एकूण 26 दिवस, त्यात आठवड्याच्या पाचाच्या हिशेबाने 19 बैठका जातात. उरल्या 241, म्हणजे 2,892 पानं, म्हणजे 14 पुस्तकं. हे दिवस कॅलेंडरवर आत्ताच रंगवून "सुट्टी" लिहून टाका. आधी जाहीर केलेली सुट्टी खुपत नाही, तीच नंतर अंगावर आली की हार वाटते.

आता तुमच्या सासऱ्यांबद्दल. त्यांना काय शिकवायचं ते राहू द्या, त्यांच्याकडून घ्यायचं खूप आहे. लक्ष्य ठरवून वाचायची पद्धत आपल्याकडे पारायणाच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गुरुचरित्राच्या सप्ताहाची वाटणी पाहा. पन्नासहून थोडे जास्त अध्याय आणि सात दिवस. सरळ भागाकार केला तर रोजचे सात-आठ यावेत. पण तसं कोणी करत नाही. दुसऱ्या दिवशी दहाहून जास्त अध्याय असतात, तर पाचव्या दिवशी तीनच, कारण त्यात छत्तिसावा येतो आणि तो फार मोठा आहे. परंपरेने थांबे थोडे पुढेमागे होतात, तत्त्व एकच: अध्याय मोजायचे नाहीत, मजकूर मोजायचा आणि वाटणी आधीच करून ठेवायची. वाचायला बसल्यावर "आज किती वाचू?" हा प्रश्न उरतच नाही.

हेच कादंबरीला लावा. पुस्तक सुरू करायच्या आधी सासऱ्यांच्या हाती द्या आणि त्यांना थांबे ठरवायला सांगा. बारा पानांच्या आसपास जिथे प्रसंग पालटतो तिथे समासात पेन्सिलीचा बारीक ठिपका. पुस्तक लायब्ररीचं असेल तर ठिपका नाही, कागदाची पट्टी. ज्या माणसाने आयुष्यभर पोथीचा नेम सांभाळला त्याला ही वाटणी अचूक जमते, आणि पुस्तक चाळता चाळता ते वाचायलाही लागतात. त्यांच्यासाठी पुस्तक निवडताना टाइप मोठा आणि कागद पिवळसर बघा. पांढऱ्याशुभ्र चकचकीत कागदावर दिव्याचा उजेड परततो आणि डोळे लवकर थकतात.

मुदतीसाठी 1 जानेवारीपेक्षा चातुर्मास चांगला. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी, चार महिने, मध्ये अधिक महिना आला तर पाच. पावसाचे दिवस, संध्याकाळी बाहेर जाणं कमी, आणि "चातुर्मासात काहीतरी नेम करायचा" ही गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगावी लागत नाही. वर्षभराच्या लक्ष्यात मधला काळ दिसेनासा होतो. चार महिन्यांत शेवट नजरेच्या टप्प्यात राहतो.

फुलहाऊस

तिघांना मिळून खेळायचं तर हाऊजी. इंग्रजी संकेतस्थळांवर वाचनाच्या अशा खेळासाठी 5 गुणिले 5 चा चौकोन मिळतो, त्यात 25 घरं असतात. ते आपल्या वेळेच्या मानाने फार होतं. आपल्या हाऊजीच्या तिकिटात 3 ओळी, प्रत्येकीत 5 आकडे, एकूण 15 घरं. वर 14-15 पुस्तकांचा हिशेब निघालाच आहे. म्हणजे वर्षाला फुल हाऊस, चातुर्मासात एक ओळ. हे प्रमाण बरोबर बसतं.

जाड कागदावर (जुन्या लग्नपत्रिकेची कोरी पाठ उत्तम) तीन ओळी आखा आणि आकड्यांऐवजी घरांत अटी लिहा. अटी अशा हव्यात की त्या पुस्तकाकडे नेतील पण पुस्तक ठरवून टाकणार नाहीत. काही नमुने देते. घरात पाच वर्षं न उघडता पडलेलं पुस्तक. आजी-आजोबांच्या लग्नाच्या आधी छापलेलं. गुजरातीतून मराठीत आलेलं. श्रीसयाजी साहित्यमालेतलं (बडोद्याची जुनी ग्रंथमाला) किंवा बडोद्यात छापलेलं कुठलंही. नाटक, पण मोठ्याने, पात्रं वाटून घेऊन. कवितासंग्रह, रोज फक्त दोन कविता. ज्या विषयाच्या कपाटापाशी कधी थांबलो नाही तिथलं तिसरं पुस्तक. घरातल्या दुसऱ्याने आपल्यासाठी निवडलेलं. जुना दिवाळी अंक, सगळा नाही: एक कथा, एक लेख, एक कविता आणि सगळी व्यंगचित्रं. (1909 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी "मनोरंजन"चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा, आणि अजूनही कमी वेळात नवे लेखक भेटण्याची यापेक्षा सोपी जागा नाही.)

तिकीट बनवताना चूक होते ती ओळींच्या वाटणीत. सगळ्या अवघड अटी एका ओळीत गेल्या तर ती ओळ कोणाची कधीच होत नाही. प्रत्येक ओळीत दोन सोपी, दोन मध्यम, एक अवघड. एका पुस्तकाने एकच घर भरायचं, नाहीतर जुनं गुजराती नाटक आणून तीन घरांवर फुल्या मारल्या जातात. तिघांची तिकिटं वेगवेगळी. मुलीच्या तिकिटावर 32 ते 64 पानांची पुस्तकं चालतील अशा अटी, सासऱ्यांच्या तिकिटावर दोन-तीन घरं पोथी-चरित्रांची. अर्ली फाइव्ह, चार कोपरे, तीन ओळी आणि फुल हाऊस, सगळं नेहमीसारखं. ओळीला 50 रुपये आणि फुल हाऊसला 200 ठेवले तर चुरस येते.

कोठीरोड

हाऊजी छान, पण आवडत नसलेलं पुस्तक केवळ घर भरायचं म्हणून ओढत नेलं जातं त्याचं काय? वाचनाचा वेग मंदावतो तो नेमका अशा अडकलेल्या पुस्तकामुळे. एक पुस्तक महिनाभर उशाशी पडतं, ते संपल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही म्हणून दुसरंही राहतं, आणि मग वाचनच बंद.

यावर सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम वापरा. 50 पानं द्यायची. तोवर मन लागलं नाही तर पुस्तक सोडायचं. वय 50 च्या पुढे असेल तर 100 मधून वय वजा करून उरेल तेवढी पानं. म्हणजे तुमच्या सासऱ्यांना 30 पुरेत. सोडलेल्या पुस्तकाचं घर भरत नाही, पण त्यावर घालवलेल्या बैठका कॅलेंडरवर मोजल्या जातातच. हा दुसरा भाग महत्त्वाचा. सोडण्याची शिक्षा नसेल तरच माणूस अवघड पुस्तक उघडून बघायला धजावतो.

सोडलेलं पुस्तक परत कपाटात घालताना आत चिठ्ठी ठेवा, पान क्रमांक आणि तारीख. पुष्कळ पुस्तकं वाईट नसतात, वेळ चुकलेली असते.

शिरोरेषा

फुलहाऊस, तिकिटाबद्दल मनापासून सहमत, पण पैशांबद्दल अजिबात नाही. निदान 11 वर्षांच्या मुलीसाठी तरी नको.

1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी 3 ते 5 वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. मुलं अशी निवडली ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला आधीपासून आवडत होतं. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पेनं समोर ठेवली तेव्हा, ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं इतरांच्या निम्म्याच्या आसपासच वेळ चित्रांना देत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नव्हती. घात करतो तो "हे केलंस तर ते देईन" हा सौदा. पुस्तक हे पैसे मिळवायचं काम ठरतं, आणि पैसे थांबले की कामही थांबतं.

बक्षीस ठेवायचंच तर ते सगळ्या घराचं ठेवा. कोणाचीही ओळ झाली तरी रविवारी सगळ्यांनी मिळून शेव उसळ खायला जायचं. किंवा जिंकणाऱ्याला अधिकार द्या: पुढचं नाटक कोणतं आणि त्यात कोणी कोणतं पात्र वाचायचं हे तो ठरवेल. मुलांना हा अधिकार फार प्रिय असतो.

आता मुलगी कशामुळे अडखळते याबद्दल, कारण ते नीट कळल्याशिवाय कुठलंही आव्हान तिला शिक्षाच वाटेल. गुजरातीला शिरोरेषा नाही, आणि ख, च, ज, फ, ब यांचे आकार वेगळे आहेत. देवनागरी तिला हिंदीतून येते, पण तो मजकूर पाठ्यपुस्तकातला, बेताचाच. त्यात मराठीची स्वतःची अडचण: चमचा आणि चंद्र यांतले च वेगळे, जाड आणि जन्म यांतले ज वेगळे, झाड आणि झेंडा यांतले झ वेगळे, आणि लिपीत याची कुठलीही खूण नाही. शब्द आधी कानावर पडलेला असेल तरच तो बरोबर वाचता येतो. बोलते छान म्हणजे शब्द कानात आहेत, ते फक्त डोळ्यांशी जोडायचे आहेत. म्हणून तिने मुकाट्याने एकटीने वाचणं हा तिच्यासाठी पहिला टप्पा नाही.

रोज 15 मिनिटं आजोबांच्या शेजारी बसवा, समोर नको. दोघांना एकच पान सुलट दिसलं पाहिजे. पहिला आठवडा आजोबा वाचतील आणि ती ओळीखाली पोस्टकार्डाएवढी पट्टी सरकवत नेईल. दुसऱ्या आठवड्यापासून एक परिच्छेद आजोबा, एक ती. अडखळली तर तीन सेकंद थांबून शब्द सांगून टाका, अक्षरं फोडायला लावू नका. अर्थाचा धागा तुटला की गोष्टच हरवते. एका पानावर पाचाहून जास्त शब्दांना अडली तर पुस्तक आत्ता जड आहे, बदला. जोडाक्षरं सलग येणारी पुस्तकं (ऐतिहासिक कादंबऱ्या हमखास) पुढच्या वर्षी.

तिचं माप वेगळं ठेवा: दर शनिवारी तोच एक परिच्छेद, 100 शब्दांचा, घड्याळ लावून मोठ्याने. सेकंद वहीत लिहा. स्पर्धा तिची स्वतःशीच. चार शनिवारांनंतर परिच्छेद बदला, नाहीतर तो पाठ होतो आणि आकडा खोटा सुधारतो.

फुलहाऊस

शिरोरेषा, मान्य. 50 रुपये रद्द. शेव उसळ जास्त चांगली.

जुनीपेटी

बडोद्यात बसून हा विषय चाललाय म्हणून एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. तिच्यातच तुम्ही न विचारलेल्या, पण पुढे येणारच अशा अडचणीचं उत्तर आहे: दर महिन्याला नवी पुस्तकं आणायची कुठून.

सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग प्रश्न आला की शाळा सोडलेल्या माणसाने वाचायचं काय. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावलं आणि ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी ही त्या जाळ्यातली मोठी गाठ. आणि ज्या गावात ग्रंथालय नव्हतं तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं जात, वाचून झाली की पेटी पुढे. ही फिरती पेटी आजही चार घरांत तशीच चालते.

नातलग, शेजारी, ऑफिसमधले, कोणतीही चार घरं घ्या. सहापेक्षा जास्त नको, चक्र फार लांबतं. प्रत्येक घराने 3 पुस्तकं घालायची, त्यांतलं एक मुलांचं. झाली 12. डेमीची 200 पानी पुस्तकं असतील तर सगळी मिळून साधारण साडेतीन किलो, दुहेरी कापडाच्या पिशवीत बसतात. पेटी एका घरात 3 आठवडे. चार घरं, 12 आठवडे, एक फेरी. ओवीसंख्यांनी सांगितलेल्या चातुर्मासात एक पूर्ण फेरी होऊन सुट्ट्यांना जागा उरते.

आत एक वही. पुस्तकाचं नाव, घर, कुठल्या पानापर्यंत वाचलं, आणि एक ओळ. चांदण्या किंवा गुण देऊ नका. गुण दिले की पुढचा माणूस तीन चांदण्यांचं पुस्तक उघडतच नाही. ओळ मात्र अशी हवी की पुढच्याला काहीतरी शोधावंसं वाटेल: "पान 63 वरचं पत्र परत वाचा."

हे मोडतं कुठे तर एका घरात पेटी अडकते. "एवढं एक संपवून देतो" म्हणतात आणि दोन महिने जातात. म्हणून नियम: पेटी ठरलेल्या रविवारी निघणारच. पुस्तक अर्धं असेल तर ते ठेवून घ्या, वहीत तसं लिहा आणि त्याच्या जागी आपल्या कपाटातलं दुसरं घाला. पेटीत नेहमी 12 असली पाहिजेत. दुसरा धोका पावसाळ्याचा. पिशवी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका. ओल आधी पुठ्ठ्यात शिरते आणि बांधणी सुटते. भिजलं तर उन्हात वाळत घालू नका, पानं वाकतात. दर दहा-बारा पानांमध्ये कोरा टिपकागद घालून पंख्याखाली उभं ठेवा, कागद दर काही तासांनी बदला.

आणि लायब्ररीचं सदस्यत्व घ्याच. परत करायची तारीख हे फुकट मिळणारं आव्हान आहे. एका वेळी दोनच पुस्तकं आणा, एक निवडलेलं आणि एक न शोधता उचललेलं.

पानखुणा

सगळ्यांचे खूप आभार. सासऱ्यांना वाटणीचं सांगितलं, त्यांनी लगेच चष्मा मागितला! तिकिटं रविवारी करतो आहोत. फक्त एक अडचण: माझं मार्चात अडकलेलं पुस्तक 140 व्या पानावर आहे, एकूण 200 पानं, लायब्ररीचं. कथा आवडत होती. ते सोडून नव्याने सुरुवात करू की हेच पुढे नेऊ?

हिशेबवही

आवडत होतं ना, मग हेच पुढे न्या, आणि तिकिटातलं पहिलं घर याचंच करा. 2006 मध्ये कीवेट्झ आणि सहकाऱ्यांनी कॉफीच्या दुकानात पाहिलं होतं: 10 शिक्क्यांचं कोरं कार्ड मिळालेल्यांपेक्षा 12 शिक्क्यांचं, दोन आधीच मारलेलं कार्ड मिळालेले लोक लवकर पूर्ण करत होते, काम दोघांचं सारखंच असून. कोऱ्या तिकिटापेक्षा सुरू झालेलं तिकीट बरं. तिघांच्याही तिकिटांवर पहिलं घर असंच अर्ध्यावर असलेल्या पुस्तकाचं ठेवा.

140 पासून पुन्हा उडी मारू नका, मधल्या काळात नावं विसरलेली असतात. रविवारी दुपारी 128 ते 140 नुसती चाळा, ती बैठक मोजू नका. मग साध्या कागदाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा (चिकटणाऱ्या नकोत, डिंक पानावर राहतो) आणि 152, 164, 176, 188 वर लावा. सोमवारी सुरू केलंत तर शुक्रवारी रात्री 200. संपल्यावर त्याच रात्री, झोपायच्या आधी, पुढचं पुस्तक कपाटातून काढून खुर्चीवर ठेवा. एक पुस्तक संपून दुसरं ठरेपर्यंतच्या चार-पाच दिवसांतच बहुतेकांचं वाचन सुटतं.

ओवीसंख्या

थांबे मात्र सासऱ्यांनाच ठरवू द्या. 164 वर पट्टी लावलीत आणि प्रसंग 167 ला संपत असेल, तर ते ती बरोबर 167 ला सरकवतील.